गुरुवारपर्यंत थांबणारे भाऊ

ये वं पोरी, सरक इकडं. दारातच काय बसलीस परक्यासारखी? अन् तो मोबाईल आधी पालथा ठेव. मघापासून पाहून राहिली मी, अंगठा खाली, अंगठा वर, अन् चेहरा असा की घरात कोणी आजारी आहे. चहावर साय धरली, तेही दिसलं नाही तुला. बाजार पडला म्हणतेस. पडू दे. तू डोळे वटारलेस म्हणून तो थांबणार आहे का? अन् विचारतेस कोणाला, तर मला! "काकू, वायदा एवढा स्वस्त झाला, घेऊन टाकू का?" शेजारच्या काकूला शेअर बाजार कळतो, हे तुला कोणी सांगितलं वं?

कळतो थोडासा. शाळा माझी चौथीतच संपली. हे जे काय कळतं ते समोरच्या खोलीतल्या भाऊंमुळे. तुम्ही लोक इथं राहायला यायच्या आधी होते ते. नाव नाही घेत मी. माणूस आहे अजून, पण नाव घेतलेलं त्यांना आवडायचं नाही.

ते आले तेव्हा आपल्या हुडकेश्वरात अर्धे प्लॉट रिकामे होते, डुकरं फिरायची. एका शेअर दलालाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर लोकांचे सौदे टाकायचं काम करायचे. सोबत म्हातारी आई. उमरेडचे विणकर लोक. आई जन्मभर खड्डामागावर बसलेली. म्हणजे जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडायचे, अन् पुढ्यात माग. भाऊ मात्र कधी मागावर बसले नाहीत. बापानं शाळेत घातलं, शाळेत चष्मा लागला, अन् पुढं जन्मभर स्क्रीनसमोर. लग्नही केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "पोरगी पाहाले गेलो होतो काकू. पोरीचा बाप म्हणे, पगार किती? मी म्हटलं, आजचा सांगू का महिनाअखेरचा?" सांगताना स्वतः हसायचे नाहीत. हसायचं ते आपण.

सामान म्हणजे कॉम्प्युटर, चार भांडी, अन् मोकळा करून दोरीनं बांधलेला माग. तो खाटेखाली सरकवला. म्हातारी पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "बाई, खोलीत एक खड्डा खंदू देता का?"

"आजी, नवीन फरशी हाये ना वं. घरात खड्डा कसा करायचा?"

"पाय सोडापुरताच पाह्यजे. जास्त नाही मांगत."

मी नाही म्हटलं. कोणती घरमालकीण हो म्हणेल? मग म्हातारी खाटेच्या काठावर बसायची, अन् पोथी ऐकताना, भाजी निवडतानाही तिचे पाय हलायचे. एक खाली, एक वर. मागाच्या पट्ट्या दाबल्यासारखे. डोळ्यांनी जवळपास काही दिसत नव्हतं, पण पायांना ते कोणी सांगितलंच नव्हतं.

फरशी वाचली, पण भिंत गेली माझी. महिन्याभरानं खोलीत डोकावले तर पलंगाकडच्या भिंतीवर खिळेच खिळे. अन् त्यांवरून दोन सुती धागे ताणलेले, एक पांढरा अन् एक लाल, खिडकीपासून दाराकडं. मी कपाळाला हात लावला.

"भाऊ, काय करून राहिले तुम्ही माझ्या भिंतीचं?"

"काकू, हा बाजार हाये."

"बाजार त्या डबड्यात दिसत नाही का?"

"दिसते. पण हाताले लागत नाही."

रोज दुपारी बाजार बंद झाला की दोन खिळे ठोकायचे, भाव वर गेला तर वर, खाली गेला तर खाली, अन् दोन्ही धागे पुढं न्यायचे. भिंत संपली की सगळं सोडवून पुन्हा खिडकीपासून सुरू. पांढरा धागा म्हणजे हजर, लाल म्हणजे वायदा. तुम्ही पोरं स्पॉट अन् फ्युचर म्हणता तेच. मला त्यांनी असं समजावलं होतं: "मोठ्या मोठ्या पन्नास कंपन्या घ्या, थोडी थोडी सगळ्यांची, अन् एका चादरीत बांधा. त्या गाठोड्याचा आजचा भाव म्हणजे हजर. अन् तेच गाठोडं महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी काय भावानं जाईन, त्याची आजच बोली करायची. तो वायदा." तेव्हा गुरुवारच असायचा, आता वार बदलला म्हणतात.

"पण भाऊ, हे दोघं तर एकमेकाले चिकटूनच चालले."

"चांगल्या दिवसात चिकटूनच चालते. वाईट दिवसात पाहा. मे महिन्यात वावटळ येते तेव्हा आधी काय उडते?"

"दोरीवरचे कपडे."

"हां. घर मागून हलते. वायदा म्हणजे दोरीवरचे कपडे. घाबरलेल्या माणसाले पन्नास कंपन्या विकाले वेळ लागते. वायदा थोड्याशा अनामतीवर एका झटक्यात विकता येते. म्हणून भेव आधी तिथं दिसते. लाल सुटून खाली गेला की समजायचं, हवा सुटली. पण काहीही होवो, शेवटच्या गुरुवारी दोघं एका खिळ्यावर. हे चुकत नाही."

कॉलनीतले पेन्शनर सकाळी फिरून आले की त्यांच्या खिडकीशी थांबायचे. "काय गा भाऊ, आज एखादी टीप?" भाऊ चष्मा वर करून म्हणायचे, "हाये ना. बुधवारच्या बाजारात वांगे उतरले. पिशवी घेऊन जा." एक गृहस्थ तर रागावून बोलेनासेच झाले. मलाही एकदा हुक्की आली होती. आमचे हे गेले, त्यांचे आलेले पैसे पोस्टात पडून होते. मी म्हटलं, भाऊ, माझ्यासाठीही तो लाल धागा घ्या थोडा. तर माझ्यावर असे ओरडले, जसा मी विहिरीत पाय सोडला. "काकू, तो रोजच्या रोज हिशोब मांगते! आज भाव पडला, आज पैसे भरा. तुमच्यानं होईन? पोस्टातच राहू द्या." अन् दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मलाच अपराध्यासारखं वाटलं.

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. सौदा एकदा केला की मधातच तोडायचा नाही, मुदतीपर्यंत न्यायचा. ऑफिसातले लोक दिवसातून दहादा घ्यायचे, तोडायचे. हे त्यांना तोंडावर "कातरीवाले" म्हणायचे. त्यांच्या घरची रीत होती ती. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, चढवला की लुगडं पुरं होईतो कात्री लावायची नाही. अर्धं कापलं तर घराचं आयुष्य कापलं, असं समजायचे. भाऊ मागावर बसले नव्हते, पण ही रीत अशी जपून होते जशी काही लोक सोवळं जपतात.

म्हातारीच्या नावानं त्यांनी एक गाठोडं जमवलं होतं. हेच, पन्नास कंपन्यांचं. वर्षानुवर्षं, थोडं थोडं. कशासाठी, तर उमरेड रोडला एक लहानसा प्लॉट बघून ठेवला होता. एक खोली बांधायची, फरशी घालायची नाही, अन् त्यात मायसाठी खड्डा. बोलणी झाली होती. ऑटोत घालून आम्ही तिघं जाऊन आलो. म्हातारीनं खाली बसून माती मुठीत दाबली, सोडली, पुन्हा दाबली. म्हणाली, "धरते ही माती. ढासळनार नाही." परत येताना ऑटोत तिचे पाय थांबले नाहीत. मार्च झाला की गाठोडं विकून प्लॉटवाल्याला द्यायचे, असं ठरलं होतं.

तो मार्च कोणता ते तुला सांगायला नको. तू तेव्हा घरात कोंडून परीक्षा रद्द झाली म्हणून नाचत असशील. आधी परदेशातल्या साथीच्या बातम्या, मग पुण्यातल्या, मग आपल्या नागपुरातल्या. अन् भिंतीवर लाल धागा सुटला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं पोरी. रोज खाली, रोज खाली. पांढराही उतरत होता, पण मागं मागं, जसं म्हातारं माणूस जिन्यावरून उतरतं. दोघांमध्ये हात जाईल एवढी फट पडली.

भाऊंना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. तेच मला खटकलं होतं.

"काकू, असं अंतर जन्मात पाहिलं नाही. वायदा खड्ड्यात अन् हजर अजून वर."

"मग?"

"मग काय! गुरुवारी जुळतेच ना. आत्ता खालून घ्यायचा अन् चूप बसायचं. फायद्यात मायच्या खोलीवर छत होते. पत्र्याचं नाही, पक्कं."

ज्या माणसानं मला पोस्टात बसवून ठेवलं, त्यानं मायचं गाठोडं ऑफिसात गहाण ठेवलं अन् त्याच्या जोरावर वायदा घेतला. भरपूर घेतला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी.

आता यातलं चुकलं कुठं, ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर, भिंतीकडं बघत भांडी घासताना कळलं. दोघं जुळतात, हे खरंच होतं. पण कोणी कोणाकडं यायचं, हे कुठं ठरलं होतं? भाऊंनी धरून ठेवलं की हजर खरं, वायदा घाबरट. घाबरट आपल्या पायानं घरी येईल. लाल वर चढला नाही. पांढराच खाली आला. कपडे आधी उडतात अन् घर मागून हलतं, हे त्यांचंच वाक्य. पण स्वतःचं घर हलेल असं कोणाला वाटतं?

अन् गहाण काय होतं? तेच पन्नास कंपन्यांचं गाठोडं. ते थोडंच वाऱ्याबाहेर होतं! वायदा पडला की ऑफिस म्हणे पैसे भरा. अन् ज्याच्या भरवशावर भरायचं, तेही तेवढंच हलकं झालेलं. वर बाजारवाल्यांनी अनामतही वाढवून ठेवली. वाईट दिवसात ते असंच करतात.

मग एका दुपारी भाऊ खिळा ठोकायला आले तर जागा पार खाली, खाटेच्या मागं. ते गुडघ्यावर बसले अन् म्हणाले, "माय, पाय घे जरा वर." म्हातारीनं पाय वर घेतले. हातोडीचे ठोके ऐकले. मग विचारलं,

"किती खाली गेलं रे बाबू?"

"जाऊ दे ना माय. गुरुवारपर्यंत थांब."

"मी विचारून राहिली, किती खाली? आता माह्या पायाखाली ठोकून राहिला तू."

भाऊंनी हातोडी खाली ठेवली. मी दारात चहाचा कप घेऊन उभी. आत जावं की परत जावं, कळेना.

"कापून टाक गा बाबू," म्हातारी म्हणाली. "जे वाचते ते वाचू दे."

"माय, तू म्हनतं हे? मागावरचं अर्धं कापत नाही, तूच शिकवलं ना मले?"

"हो, शिकवलं. अन् शेजारच्या घराले आग लागली होती तेव्हा मीच कापलं होतं. नऊवारी होतं, किनारीचं, अर्ध्याच्या वर झालं होतं. धूर आला घरात, मी कातरी घेतली अन् कापलं, अन् कापड काखेत धरून भाईर पळाली. तुह्या बापानं माग सोडवला. मग त्या कपड्याचे पंचे करून इकले. ताणा वाचवाले जळत्या घरात कोण बसते?"

"हे आग नाही माय. हे भेव हाये लोकायचं. गुरुवारी—"

"मागावर बसला असता तर तुले समजलं असतं," ती म्हणाली अन् भिंतीकडं तोंड करून निजली. एवढंच. पुन्हा त्या विषयावर ती बोलली नाही, कधीच नाही.

ती गोष्ट भाऊंनी तोपर्यंत ऐकलीच नव्हती. रीत तेवढी त्यांच्या कानी आली होती. ती मोडायची कधी, हे मागावर बसणाऱ्याला कळतं, अन् ते तर शाळेत होते.

पुढच्या सोमवारी टाळेबंदी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. भाऊंना ऑफिसानं घरूनच काम करायला सांगितलेलं. सकाळी बाजार उघडला अन् एवढा कोसळला की नियमानं थोडा वेळ बंदच करून ठेवला. त्या मधल्या वेळात ऑफिसचा फोन: ज्यांचे पैसे भरून झाले नाहीत त्यांचे सौदे उघडताबरोबर तोडा. भाऊ एकेकाला फोन लावत होते. सगळं मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. "काकाजी, तोडून राहिलो... नाही जी, माह्या हातात नाही... पाय नका पकडू काकाजी, फोनवर कसे पाय पकडता." सगळ्यांचे तोडले त्यांनी. त्यांचा स्वतःचा सौदा त्या यादीत होताच. तिथं हात चालला नाही. तो ऑफिसानं तिकडूनच तोडला, अन् त्या भावात गहाणातलं गाठोडंही विकून घेतलं. काही उरलं की नाही, मी विचारलं नाही. प्लॉटवाल्याला त्यांनी फोन केला तेव्हा फक्त "नाही जमत" एवढंच म्हणाले.

मंगळवारनंतर बाजार वर यायला लागला. अशीच रीत असते त्याची.

गुरुवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. म्हातारी झोपली होती. स्क्रीनवर दोन आकडे होते. आधी त्यांच्यात फरक होता, मग थोडा, मग थोडासाच. बाजार बंद झाला तेव्हा दोन्ही एका जागी.

"जुळले काकू," भाऊ म्हणाले. "पाहिलं ना तुम्ही? जुळले."

"जुळले भाऊ."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं तुम्ही."

त्या दिवशी त्यांनी खिळा ठोकला नाही.

टाळेबंदी थोडी सैल झाली तसे ते निघाले. उमरेडला चुलत भावाच्या घरामागं एक पडवी रिकामी होती. मॅटाडोरवर कॉम्प्युटर नव्हता. तो कोणाला देऊन टाकला मला माहीत नाही. माग होता. भिंतीतले खिळे त्यांनी स्वतः काढले, भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवली, अन् हात जोडून म्हणाले, "काकू, भिंत खराब केली तुमची." मी म्हटलं, "जाऊ द्या." म्हातारी गाडीत पुढं बसली होती. पाय हलत नव्हते तिचे. मी पाहिले मुद्दाम.

मग फोन यायचा कधीमधी. एका कापडाच्या दुकानात मदतीला लागले होते. पडवीत मातीची जमीन होती, तिथं स्वतःच्या हातानं खड्डा खणला. माग बसवायला त्यांना येत नव्हतं; माय खाटेवरून सांगायची, हे ओरबाडून घ्यायचे हात. दोन हिवाळे गेले त्यात. बाजाराचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. तोवर हजर काय अन् वायदा काय, दोन्ही कुठल्या कुठं वर गेले होते. तू तर त्यातच खेळायला शिकलीस.

म्हातारी गेली तेव्हा मला तेरवीच्या आधी कळलंच नाही. तेरवीला गेले. एस.टी.त बसून एकटीच गेले, गुडघा दुखत होता तरी. भाऊ पडवीत बसले होते, डोकं भादरलेलं, चष्मा नाकावर. मागावर काहीच नव्हतं. पुढं तुटलेल्या धाग्यांच्या शेंड्या लोंबत होत्या, सगळ्या सारख्या, एका रेषेत.

मी त्या शेंड्यांकडं पाहिलं ते त्यांना दिसलं.

"मायनं लुगडं लावलं होतं काकू. शेवटचे चार महिने. दिसत नव्हतं, हातानं चाचपून धोटा फेकायची. किनार वाकडीतिकडी झाली. दिवसाले दोन-चार बोटं व्हायचं. अर्ध्यालेच गेली."

"मग?"

"मग न्यायची वेळ झाली तं मी कातरी घेतली. चुलतभाऊ म्हणे, येडा झाला का, मागावरचं कापत नाही, घर बसते. सगळे म्हणे." चष्मा काढून पंच्यानं पुसला, पुन्हा घातला. "मी म्हटलं, तिनंच सांगितलं होतं. कापलं, अन् तिच्यावर टाकलं. पायापर्यंत आलं नाही."

बाहेर पंगत बसली होती. कोणीतरी "वाढा, वरण वाढा" म्हणून ओरडत होतं. आम्ही दोघं तिथंच बसलो, त्या खड्ड्याच्या काठाशी. खड्ड्याच्या तळाला दोन पावलं रुतून माती चोपडी झाली होती.

तर पोरी, घे की नको, ते मी सांगणार नाही. मोबाईल उचल आता, जा घरी. आई वाट पाहत असेल तुझी.

अन् भाऊ, हे सगळं या पोरीकडून लिहून पेपरात धाडते आहे, म्हणून तुमच्यासाठी दोन ओळी. दुकानात रद्दी आली की तुम्ही एकेक पान वाचून मगच त्यात कापड बांधता, हे मला ठाऊक आहे. हे पान हाती लागलं तर एवढं करा. तुमच्यानंतर समोरची खोली मी कोणाला दिली नाही. तिथं बसून दुपारी वाती वळते. इतवारच्या दिवशी नाही तर तुमची सुट्टी असेल त्या वारी उमरेडची सकाळची एस.टी. पकडा, हुडकेश्वरच्या फाट्यावर उतरा. निरोप नका धाडू, तसेच या. जेवून जा. अन् लवकर या भाऊ, मीही आता काही लहान नाही.